मागून हॉर्न वाजला की अंग गोठतं. चालण्या-व्यायामाने हे सुटतं का? कुणाला अनुभव आहे का?

पायमशीन | इंदिरानगर, नाशिक | बुधवार, रात्री ११:४०

नमस्कार. इथे पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर समजून घ्या.

वय ४१. घराखालीच ब्लाउज शिवायचं आणि पिको-फॉलचं छोटं दुकान आहे. मागच्या आषाढात पाथर्डी फाट्याकडून सर्व्हिस रोडने घरी येत होते. ॲक्टिव्हावर एकटीच, पायाशी अस्तराच्या कापडाची पिशवी. मागून टेम्पोने हॉर्न दिला, मी डावीकडे घेतलं, तरी त्याने उडवलंच. डावं कॉलर बोन मोडलं, मनगटाला बारीक फ्रॅक्चर. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं.

आता १३ महिने झाले. हाड जुळलं. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, उत्तम. फिजिओ झाली, हात पूर्ण वर जातो. पण अंगाला हे काही पटलेलं नाही.

मागून हॉर्न वाजला की आधी पोट आत ओढलं जातं, मग खांदे कानाला लागतात आणि दोन्ही हातांच्या मुठी अशा वळतात की जणू ब्रेकच आवळतेय. परवा एक बाई मुलीच्या साखरपुड्याचं ब्लाउजपीस घेऊन आल्या होत्या, पैठणीचं. मी कापड उलगडून काठ बघत होते, तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. भानावर आले तेव्हा पीस माझ्या मुठीत चुरगाळलेलं होतं आणि त्या बाई घाबरून माझ्याकडे बघत होत्या. मिनिटभराचा प्रकार, पण नंतर दोन तास अंगात त्राण नसतं. सुईत दोरा ओवता येत नाही. आणि रात्री तीनच्या सुमारास जाग येते ती येतेच.

समुपदेशक मॅडमकडे ६ वेळा जाऊन आले. बोलून बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू. शेवटच्या भेटीत त्या म्हणाल्या, नुसतं बोलून भागणार नाही, शरीरालाही बरोबर घ्यायला हवं, हालचाल हवी. कशी ते पुढच्या वेळी सांगते म्हणाल्या आणि त्यांची बदली झाली.

मग मी माझ्या मनानेच सुरू केलं. घराजवळच्या एका योगवर्गाला गेले. तिसऱ्या दिवशी ताडासनात उभी होते, सरांनी मागून येऊन माझे दोन्ही खांदे दाबले आणि म्हणाले, सैल सोडा. मी किंचाळले. वीसेक बायका वळून बघायला लागल्या. सर म्हणाले, इतकं मनाला लावून घेऊ नका. नंतर शवासनात डोळे मिटल्यावर तर असं वाटलं की आता मागून काहीतरी येणार. मी उठले आणि चपला हातात घेऊन घरी आले. परत गेले नाही.

गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर चालून पाहिलं. दोन फेऱ्या छान झाल्या. वाटलं, थोडं पळू. पळायला लागले, छाती धडधडायला लागली आणि तीच भीती आली, रस्ता नाही, गाडी नाही, तरी. कडेला बसून राहिले.

आणि याच्या उलट एक गोष्ट. अक्षय्य तृतीयेच्या आधी मी घरातल्या चार गोधड्या गच्चीवर मोठ्या टपात घालून पायाने तुडवून धुतल्या. तासभर तुडवत होते, दमून गेले. त्या रात्री सरळ साडेपाचला जाग आली. वर्षभरात तशी एकच रात्र. हे काय होतं ते मला अजून कळलेलं नाही.

माझे प्रश्न: तुडवण्याने बरं वाटलं आणि पळण्याने भीती वाटली, असं का? पडून राहिलं की वाढतं, ते का? आणि दुकानात गिऱ्हाईक समोर असताना असं झालं तर तिथल्या तिथे काय करायचं? आमचं मशीन आतल्या भिंतीला लावलंय, प्लगचा बोर्ड तिथेच आहे म्हणून. त्यामुळे रस्ता पाठीमागे येतो आणि हॉर्न तर दिवसभर चालूच.

ह्यांचं म्हणणं, विचार करू नकोस म्हणजे होणार नाही. पण मी विचार करतच नाही हो. विचार यायच्या आधीच अंगाचं सगळं होऊन गेलेलं असतं.

---

सूर्योदय५५ | गुरुवार, सकाळी ६:१५

ताई, रोज अर्धा तास कपालभाती आणि भस्त्रिका करा. आठ दिवसांत भीती पळून जाईल. गोळ्यांच्या नादी लागू नका.

---

अंबड_दुसरीपाळी | गुरुवार, दुपारी १:०५

ताई, मी अंबडला एका कारखान्यात प्रेस शॉपमध्ये आहे, म्हणजे जिथे मशीनने ठोका मारून पत्रा दाबतात-कापतात तिथे. सात वर्षांपूर्वी माझ्या शेजारच्या प्रेसवर एका मित्राचा हात गेला. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. मला खरचटलंही नाही, म्हणून मला काही झालंय हे कुणाला वाटलं नाही, मलासुद्धा नाही. पण नंतर घरी कुकरची शिट्टी झाली तरी मी ताटावरून उठायचो. बायको दाराची कडी हळू लावायला शिकली. मुलाने फुगा फोडला म्हणून मी त्याच्यावर हात उगारला, ते अजून सलतं.

मला ढोलाने हात दिला. ऐकायला उलटं वाटेल. मेव्हणा पथकात आहे, तो सरावाला घेऊन गेला. पहिल्या दिवशी मी मैदानाच्या फाटकाबाहेरच उभा राहिलो, पंधरा ढोल एकदम वाजले की पोटात ढवळायचं. आठवडाभर फाटकाबाहेर. मग आत, कडेला. मग कुणीतरी झांज हातात दिली. ढोल कमरेला बांधायला दीड महिना लागला.

पण ज्या दिवशी बांधला त्या दिवशी एक गोष्ट लक्षात आली. आवाज तोच, प्रेससारखाच छातीत बसणारा, पण तो माझ्या टिपरूतून निघतोय. कधी पडणार हे मला आधी माहीत आहे. एका हाताने टिपरू, दुसऱ्या हाताने थापी, पाय ठेक्यावर. मी थांबलो की तो थांबतो. प्रेसचा ठोका माझ्यावर येऊन पडायचा, इथे मीच ठोका टाकत होतो.

तुमच्या गोधड्यांचं वाचलं तेव्हा मला हेच वाटलं. तुडवण्याला ठेका असतो आणि तो तुमचाच असतो.

ढोल सगळ्यांनाच झेपेल असं मी म्हणणार नाही. तुम्हाला हॉर्नचा त्रास आहे, तुम्ही आवाजापासून सुरुवात करूच नका. आणि मी डॉक्टरकडेही गेलो होतो, ८ महिने गोळी चालू होती, मग त्यांनीच हळूहळू बंद केली. वरच्या काकांनी गोळ्यांबद्दल लिहिलंय ते मला पटलं नाही. गोळीने झोप लागायला लागली म्हणून तर मी संध्याकाळी सरावाला जाऊ शकलो.

---

सांधेजोड | नाशिकरोड | गुरुवार, रात्री १०:२०

ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे, २२ वर्षं झाली. मानसोपचार हा माझा विषय नाही, म्हणून शरीरापुरतंच बोलते. अपघाताचे पेशंट रोज बघते, आणि हाड जुळलेला पण रस्ता ओलांडताना माझा हात घट्ट धरणारा माणूस मला नवीन नाही.

आधी कपालभाती-भस्त्रिका. सध्या नको, निदान एकटीने नको. जोराने आणि भराभर श्वास घेतला की काहींची छाती धडधडते, बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. ज्याला घबराटीचा त्रास आहे त्याच्या शरीराला ही सगळी लक्षणं ओळखीची असतात, आणि ते घाबरून उठतं.

पळताना तुमचं हेच झालं. धोका जाणवला की सिंपथेटिक मज्जासंस्था, म्हणजे शरीराला लढायला-पळायला तयार करणारी यंत्रणा, जागी होते, ॲड्रेनलिन सुटतं, हृदयाचे ठोके वाढतात, स्नायू आवळतात. पळाल्यावरही ठोके वाढतात. तुमच्या मेंदूने अपघाताच्या दिवशी 'धडधड म्हणजे टेम्पो' अशी गाठ मारून ठेवलीय. ती ओढून तोडायची नाही, सावकाश उकलायची. चालत राहा, बोलता येईल इतक्याच वेगाने. मग वीस पावलं जरा भरभर, मग पुन्हा सावकाश. धडधड वाढली, काही झालं नाही, ओसरली, असं शरीराने पुन्हा पुन्हा अनुभवलं की गाठ ढिली होते. अंगातली खळबळ दहापैकी चारला आली की थांबा. आठला थांबलं तर मेंदू शिकतो की चालणंही धोक्याचं. चारला थांबलं तर शिकतो की थांबणं तुमच्या हातात आहे. मी पेशंटला व्यायामापेक्षा हे थांबणं जास्त शिकवते.

'विचार यायच्या आधीच' हे तुम्ही अगदी बरोबर पकडलंय. मेंदूतला अमिग्डाला नावाचा भाग विचार करणाऱ्या भागाची वाट बघत नाही, आधी घंटा वाजवतो. म्हणून 'विचार करू नकोस' या सल्ल्याचा उपयोग होत नाही. साहेबांना हा परिच्छेद वाचून दाखवा.

शवासनाचं. डोळे मिटलेले, पाठीवर पडलेलं, हालायचं नाही, आणि खोलीत कुणी कुठून येईल ते दिसत नाही. ज्याचं शरीर सतत पहाऱ्यावर आहे त्याच्या हातातली सगळी शस्त्रं एकदम काढून घेतल्यासारखं आहे ते. सैलावल्यावरच बेचैनी वाढणारी माणसं असतात, तुमच्यात काही बिघाड नाही. सरांनी मागून न विचारता हात लावायला नको होता. त्यांच्या मनात वाईट नसेलही, पण तरी नकोच.

म्हणून योग वाईट आहे असं मात्र समजू नका. २०१४ साली अमेरिकेत बेसेल व्हॅन डर कोल्क यांच्या गटाचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बराच काळ उपचार घेऊनही पीटीएसडी (मोठ्या आघातानंतर मागे राहणारा असा त्रास) न हटलेल्या ६४ स्त्रिया, १० आठवडे, आठवड्याला एक तास. योग करणाऱ्या गटातल्या ५२ टक्के जणी शेवटी पीटीएसडीच्या निकषात बसत नव्हत्या, दुसऱ्या गटात, जिथे आरोग्याची माहिती दिली जायची, तिथे २१ टक्के. अभ्यास लहान आहे, त्यावरून आकाश ठेंगणं होऊ देऊ नये. पण तो योग कसला होता ते महत्त्वाचं आहे. शिक्षक अंगाला हात लावत नाहीत. 'करा' म्हणत नाहीत, 'वाटलं तर करून बघा' म्हणतात. डोळे उघडे ठेवले तरी चालतं. मधेच सोडून बसलं तरी कुणी कारण विचारत नाही. तुमच्या वर्गात आसनं तीच होती, पण हे नव्हतं.

गोधड्या! मला तुमच्या लिहिण्यातलं हे सगळ्यात आवडलं. भिजलेली गोधडी जड असते. पायाला जोर लावावा लागतो, मांड्या, पोटऱ्या, नितंब, सगळे मोठे स्नायू कामाला लागतात. स्नायूंवर आणि सांध्यांवर असा दाब आला की 'आपण इथे उभे आहोत, पायाखाली जमीन आहे' ही खबर मेंदूला सतत जात राहते. त्यात ठेका, वर थंड पाणी, आणि मळ सुटताना डोळ्यांना दिसतो. गच्चीवर तुमच्या मागे कुणी नव्हतं, आणि वाटेल तेव्हा टपाबाहेर पाय काढता येत होता. पळण्यात यातलं बरंच काही नव्हतं.

आता दुकानात काय करायचं. मुठी वळल्या की जोराने उघडू नका. आधी स्वतःहून अजून थोड्या आवळा, तीन मोजा, मग करंगळीपासून एकेक बोट सोडा. दोन्ही तळवे मशीनच्या फळीवर सपाट ठेवून खाली दाबा, टाचा जमिनीत रोवा. खांद्याला कळ आली तर दाब कमी करा, तुमचं कॉलर बोन जुळलेलं असलं तरी ती बाजू नवीच आहे. मग श्वास. आत घेताना चार, सोडताना सहा मोजा. श्वास सोडताना व्हेगस नर्व्हचा (मेंदूकडून हृदयाकडे येणाऱ्या नसेचा) लगाम हृदयावर घट्ट होतो आणि ठोके थोडे मंदावतात, म्हणून सोडणं लांबवायचं. मिनिटाला साधारण ६ श्वास होतात. मोजण्याने जीव घुसमटला तर मोजू नका, ओठ मिटून नुसतं गुणगुणा, श्वास आपोआप लांबतो. समोरच्या बाईंना वाटेल तुम्ही गाणं म्हणताय.

हातपाय थरथरले तर थरथरू द्या. ॲड्रेनलिनने तसं होतं. मात्र 'शरीरात साठलेला ट्रॉमा (आघात) थरथरून बाहेर काढा' असं सांगणारे व्हिडिओ बघून मुद्दाम थरथरायला जाऊ नका. त्याला पुरावा तोकडा आहे आणि एकटीने करताना भडका उडू शकतो.

शेवटचं, आणि हे टाळू नका. हालचाल हा आधार आहे, पूर्ण उपचार नव्हे. महिन्याहून जास्त काळ असं चालू राहिलं तर मानसोपचारतज्ज्ञाकडून नीट तपासून घ्यावं, तुमचे १३ महिने झालेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली अशा त्रासासाठी ज्या उपचारांची शिफारस केली त्यांत ट्रॉमावर लक्ष ठेवून केलेली सीबीटी (विचार आणि वागण्याची सवय बदलायला शिकवणारा बोलण्याचा उपचार) आणि ईएमडीआर (डोळ्यांची हालचाल करत त्या आठवणीवर काम करणारा उपचार) हे दोन आहेत. मॅडमची बदली झाली म्हणून थांबू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर २४ तास चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. जवळ कुणाकडे जायचं ते तिथे विचारा. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही एकदा बघून घ्या. धडधड नि थकव्याला कधी कधी तेही कारण असतं.

---

गोदाकाठ_मावशी | पंचवटी | शुक्रवार, दुपारी ३:३०

अगं, मी मोबाईलवर बोलून लिहिते, चुका पोटात घाल.

२००३ च्या सिंहस्थात, २७ ऑगस्टला, मी त्या गर्दीत होते. रामकुंडाकडे जाणाऱ्या वाटेवर. ३९ माणसं गेली त्या दिवशी. माझा धाकटा चार वर्षांचा, कडेवर होता. मागून रेटा आला आणि माझे पाय जमिनीवरून उचलले गेले. पाय हलवतेय पण खाली काही नाही, हे मला अजून पायात आठवतं. एका पोराने ओट्यावरून हात देऊन आम्हाला वर ओढलं. तो कोण, मला माहीत नाही.

पुढे कितीतरी वर्षं मी बुधवारच्या बाजाराला गेले नाही. घरापासून चार मिनिटांवर बाजार, आणि भाजी मी दारावरची घ्यायची. पाठीमागे कुणी उभं राहिलं की माझी मान अशी ताठ व्हायची की मागे वळूनही बघता यायचं नाही. फिजिओबाईंनी सगळं लिहिलं, पण तुझ्या मानेचं मला विचारायचंय. हॉर्न वाजल्यावर तू मागे वळून बघतेस का? मला वाटतं नाही बघत. मी पण बघायची नाही. न बघितल्यामुळे ते मागचं कायम मागेच राहतं.

मला कुणी शिकवलं नाही, सुचत गेलं. पहाटे गर्दी नसते तेव्हा मी गांधी तलावाच्या कडेला जाऊन उभी राहायची, पाठ भिंतीला लावून. मग एक पाऊल पुढे. मग सावकाश मान वळवून मागे बघायचं, आधी डावीकडून, मग उजवीकडून. काय दिसतं ते मनात म्हणायचं. भिंत. कबुतरं. भांडी घासणारी बाई. निर्माल्याची टोपली. मागे जे आहे ते एवढंच आहे, हे मानेला कळायला माझे दोन पावसाळे गेले.

नंतर आमच्या भजनी मंडळात पावली खेळायला लागले. मृदंगावर दोन पावलं पुढे, दोन मागे. पाय जमिनीवर आपटले की मला बरं वाटायचं, आहे गं बाई जमीन. पहिल्यांदा मी कडेची जागा मागून घेतली, सगळ्याजणी समजून होत्या, कुणी का म्हणून विचारलं नाही.

आता २०२७ च्या सिंहस्थाची तयारी चालू झालीय. रस्त्याकडेला लोखंडी कठडे दिसले की अजून पोटात गोळा येतो. तेव्हा मी तिथेच उभी राहून दोन पावलं पुढे, दोन मागे करते. लोक बघतात. बघू देत.

आणि तुझं ते मशीन फिरव. दिवसभर रस्त्याकडे पाठ करून कसली बसतेस? प्लगला वायर जोडता येते.

---

सांधेजोड | शुक्रवार, रात्री ९:५०

मावशी, नमस्कार करते तुम्हाला. मशीनचं मी वाचलं होतं आणि माझ्या लक्षात आलं नाही. ताई, मावशी म्हणतात तसंच करा. पुढे कधीतरी, बरं वाटल्यावर, थोडा वेळ पुन्हा पाठ करून बसायचा सराव करू. पण ते पुढचं.

---

पायमशीन | तीन आठवड्यांनी, रविवार, दुपारी ४:१०

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. लगेच उत्तर दिलं नाही कारण आधी करून बघायचं होतं.

मशीन फिरवलं. ह्यांनीच वायर ओढून दिली. परिच्छेद वाचून दाखवला होता, त्यावर काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी बोर्ड आणि पट्टी घेऊन आले. आता रस्ता समोर आहे. पहिल्या दिवशी एकही ब्लाउज झालं नाही, मी नुसती गाड्या बघत बसले. टेम्पो आधी दिसतो, मग हॉर्न वाजतो. दिसल्यावर वाजला तर अंग तेवढं उडत नाही. एक नवी अडचण झाली, उजेड समोरून डोळ्यांवर येतो आणि सुईपाशी माझ्याच हाताची सावली पडते. काळ्या कापडावर काळा दोरा तर दिसतच नाही. एक छोटा दिवा घ्यावा लागला.

मावशी, तुमचं खरं निघालं. मी मागे बघतच नव्हते. १३ महिन्यांत एकदाही नाही. गोल्फ क्लबवर आता दुसऱ्या फेरीत एका झाडापाशी थांबते आणि मान वळवते. पहिल्यांदा वळवली तेव्हा डाव्या बाजूला, जिथे हाड मोडलं होतं तिथे, कळ नव्हती तरी कळ येईल म्हणून मान अर्ध्यावरच अडली. तिथेच राहिले. श्वास सोडला, अजून थोडी गेली. मागे एक आजोबा मफलर गुंडाळून येत होते, बस. एवढंच होतं. मला रडू आलं.

मुठींचं रोज करते. आवळायच्या, मोजायचं, करंगळीपासून सोडायच्या. डाव्या हाताचं मधलं बोट सगळ्यात शेवटी सुटतं. ब्रेकवर तेच बोट असायचं माझं.

नंतरचा दोन तासांचा थकवा आता बहुतेक वेळा अर्ध्या तासावर आलाय. सगळ्याच वेळा नाही. मागच्या मंगळवारी मोठा पाऊस होता, शटर अर्धं खाली, रस्ता दिसत नव्हता आणि हॉर्न एकदम दाराशी वाजला. पूर्वीसारखंच सगळं झालं, त्या रात्री तीनला जागही आली. फरक एवढाच की उठून मी मोरीत गेले, बादलीत चादर भिजवली आणि तुडवत राहिले. मुलगी उठून आली, काही न बोलता शेजारी उभी राहून तीही तुडवायला लागली.

१४४१६ ला फोन केला. बोलणाऱ्या ताईंनी घाई केली नाही. त्यांच्याकडून पत्ता मिळाला, पुढच्या सोमवारी डॉक्टरांची वेळ आहे. हिमोग्लोबिन ९ निघालं, त्याच्या गोळ्या सुरू केल्यात.

ॲक्टिव्हा अजून चालवत नाही. अंगणात स्टँडवर लावलेली असते, संध्याकाळी तिच्यावर बसते, चावी न लावता. दोन्ही ब्रेक आवळते, सोडते. मग मागे वळून बघते. आमची तुळस दिसते.

दादा, तुमच्या मुलाला सांगा, एक शिवणकाम करणारी बाई तुमच्याबद्दल चांगलं बोलते.

मावशी, पावली बघायला येऊ का? खेळणार नाही, कडेला बसेन.

---

गोदाकाठ_मावशी | रविवार, संध्याकाळी ७:००

ये ना गं. मंगळवारी चारला ये, कपालेश्वराच्या पायऱ्यांपाशी थांब, मी घ्यायला येते. बुधवारी नको येऊस, बाजार असतो. ती गर्दी आपण पुढे कधीतरी दोघी मिळून बघू.